कीर्तिमंदिराबाहेरचे वाद्यवृंद



१९८९ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेल्स शहरीं ग्रॅमी पारितोषिकांचा समारंभ भरला होता. त्या वर्षीं एक नवें पारितोषिक प्रथमच दिलें जावयाचें होतें. हार्ड रॉक आणि हेव्ही मेटल या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या, कर्कश गिटार व दणदणीत ढोल यांवर उभारलेल्या संगीतासाठीं तें होतें. मेटॅलिका नांवाचा तरुण बँड त्या संध्याकाळीं व्यासपीठावर आपली कला दाखवून गेला होता, आणि पारितोषिक त्यालाच मिळणार अशी जवळजवळ सर्वांची खात्री होती. पाकीट उघडलें आणि नांव निघालें तें जेथ्रो टल या इंग्रज बँडचें! या बँडचा नायक इअन अँडरसन हा एका पायावर उभा राहून बांसरी वाजविण्याबद्दल प्रसिद्ध. आपण जिंकणें शक्य नाहीं अशा समजुतीनें ही मंडळी समारंभाला आलीहि नव्हती. सभागृहांत क्षणभर आश्चर्य पसरलें आणि मग नापसंतीचे आवाज उठले. पुढें टलच्या ध्वनिमुद्रण-कंपनीनें एका व्यापारी पत्रांत जाहिरात देऊन असा विनोद केला कीं, बांसरी हेंहि शेवटीं धातूचें जड वाद्यच नव्हे काय! दुसऱ्या वर्षीं ग्रॅमीच्या चालकांनीं हार्ड रॉक आणि मेटल यांचे दोन निराळे वर्ग केले आणि मेटॅलिकाला आपलें पारितोषिक मिळालें.

गोष्ट येथेंच संपली असती तर एका रात्रीची गंमत म्हणून ती सोडून देतां आली असती. परंतु पुढें काय झालें तें पाहा. रॉक-संगीताचें जें सर्वांत मोठें कीर्तिमंदिर, ज्याला तिकडे ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ असें म्हणतात, त्यांत मेटॅलिकाला २००९ सालीं मानानें प्रवेश मिळाला. जेथ्रो टलचें नांव मात्र २०२५ सालच्या निवडीपर्यंत तेथील मतपत्रिकेवर एकदांहि आलें नाहीं. ज्या बँडला एका ठिकाणीं न मागतां मान मिळाला, त्याच बँडला दुसऱ्या ठिकाणीं दारांतहि कोणी उभें केलें नाहीं. या दोन घटना परस्परविरुद्ध दिसतात. पण माझ्या मतें त्यांचें मूळ एकच आहे. ग्रॅमीच्या मतदारांपैकीं पुष्कळांना मेटल-संगीताची ओळखच नव्हती. यादींत जें जुनें, कानांवरून गेलेलें नांव दिसलें त्यावर त्यांनीं खूण केली. कीर्तिमंदिराचे मतदारहि परिचयावरच मत देतात. पण तेथें नांव मतपत्रिकेपर्यंत पोहोंचावें लागतें, आणि तें पोहोंचविणारीं माणसें निराळीं आहेत. एखादा बँड श्रेष्ठ असूनहि सन्मानाला कां मुकतो, हें समजण्यासाठीं हा सगळा कारभार कसा चालतो तें थोडें तपशिलानें पाहिलें पाहिजे.

ही संस्था १९८३ सालीं स्थापन झाली ती अहमत एर्टेगन या गृहस्थांच्या पुढाकारानें. हे अमेरिकेंतील तुर्की राजदूताचे चिरंजीव आणि अटलांटिक या ध्वनिमुद्रण-कंपनीचे एक संस्थापक. त्यांच्या जोडीला ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकाचे संस्थापक यान वेनर, कांहीं ध्वनिमुद्रण-कंपन्यांचे अधिकारी आणि वकील असे लोक होते. १९८६ सालीं पहिलीं दहा नांवें निवडण्यांत आलीं. चक बेरी, एल्व्हिस प्रेस्ली, रे चार्ल्स, लिटल रिचर्ड, बडी हॉली अशीं तीं नांवें. त्यांविषयीं दुमत होण्याचें कारणच नव्हतें. पुढें १९९५ सालीं क्लीव्हलँड शहरीं, ईरी सरोवराच्या कांठीं, आय. एम. पे या विख्यात वास्तुविशारदानें आंखलेलें कांचेचें भव्य संग्रहालय उघडण्यांत आलें. क्लीव्हलँडच कां, असें कोणी विचारील. शहरानें त्यासाठीं पैसा उभा केला हें एक कारण झालें. दुसरें असें कीं, १९५१-५२ च्या सुमारास त्या शहरांतील ॲलन फ्रीड नांवाच्या नभोवाणी-निवेदकानें कृष्णवर्णीय कलावंतांचें संगीत सर्व प्रकारच्या श्रोत्यांपर्यंत पोहोंचविलें आणि ‘रॉक अँड रोल’ हें नांव लोकांच्या तोंडीं बसविलें. नभोवाणीवरून बोलणाऱ्या एका माणसाच्या पुण्याईवर एका शहराला असा मान मिळाला, ही गोष्ट येथें बोलतांना सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आतां प्रवेशाची रीत. कोणत्याहि कलावंताची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारांत येऊन पंचवीस वर्षें झालीं कीं तो पात्र ठरतो. पात्र ठरला म्हणजे आपोआप विचारांत घेतला जातो असें मात्र नाहीं. सुमारें तीस जणांचें एक नामनिर्देशन-मंडळ वर्षांतून एकदां बंद दाराआड बसतें आणि पात्र असलेल्या शेंकडों नांवांतून चौदा-पंधरा नांवें काढतें. हीं नांवें मतपत्रिकेवर छापून हजारावर मतदारांकडे पाठविलीं जातात. मतदारांत इतिहासकार आहेत, ध्वनिमुद्रण-व्यवसायांतील लोक आहेत, आणि पूर्वीं ज्यांना हा मान मिळाला आहे ते हयात असलेले सर्व कलावंत आहेत. अनेक वर्षें शिरस्ता असा होता कीं, प्रत्येकानें पांचच नांवांना मत द्यावयाचें. ज्यांना सर्वांत अधिक मतें पडतील असे पांच ते सात कलावंत त्या वर्षीं मंदिरांत जातात.

म्हणजे दारें दोन आहेत, आणि पहिलें दार फार अरुंद आहे. उपेक्षित बँडांपैकीं पुष्कळ बँड हरतात ते मतदानांत हरत नाहींत. मतदान सुरू होण्यापूर्वींच, त्या तीस जणांच्या खोलींत, कोणीहि त्यांचें नांव आग्रहानें मांडीत नाहीं म्हणून ते मागें राहतात. तीस माणसांच्या बैठकींत एखाद्या नांवाविषयीं तिटकारा असलेला एक मनुष्य पुरेसा होतो. आणि तें नांव लावून धरणारा एकहि नसला तर तिटकाऱ्याचीहि गरज पडत नाहीं.

त्या खोलींत पहिलीं तीस-पस्तीस वर्षें कोण बसत होते, हें पाहिलें म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो. रोलिंग स्टोन हें पत्र १९६७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें निघालें. त्या काळच्या तरुण टीकाकारांनीं रॉक-संगीताला प्रथमच गंभीरपणें घेतलें, त्याचा इतिहास मांडला, त्याला प्रतिष्ठा दिली. हे त्यांचे उपकार नाकबूल करतां येणार नाहींत. पण प्रतिष्ठा देतांना त्यांनीं एक व्याख्याहि बांधली. त्यांच्या मतें खरें रॉक तें, जें ब्लूज आणि अमेरिकन लोकसंगीत यांच्या मुळांशीं इमान राखतें, जें साधें, थोडक्यांत आटोपणारें, मनापासून आलेलें आणि शक्य तर सामाजिक बंडखोरीचा सूर असलेलें असतें. याच टीकाकारांपैकीं जॉन लँडाऊ हे पुढें ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाचे व्यवस्थापक झाले आणि कित्येक वर्षें नामनिर्देशन-मंडळाचे प्रमुख होते. यान वेनर हे तर २०१९ अखेरपर्यंत सबंध संस्थेचेच अध्यक्ष होते.

आतां या व्याख्येच्या चौकटींत कोण बसत नाहीं तें पाहा. १९६९-७० पासून इंग्लंडांत ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ नांवाचा एक संप्रदाय उदयास आला. येस, किंग क्रिम्झन, जेनेसिस, जेथ्रो टल हे त्यांतले प्रमुख. ध्वनिमुद्रिकेची अख्खी एक बाजू व्यापणाऱ्या वीस-वीस मिनिटांच्या रचना, विषम मात्रांचे ताल, युरोपीय अभिजात संगीताचे संस्कार अशी त्यांची तऱ्हा. टीकाकारांनीं यांवर आरोप ठेवला तो दिखाऊ विद्वत्तेचा. त्याच सुमारास बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरांतून ब्लॅक सॅबथ व ज्युडास प्रीस्ट यांचें जड, काळोखें संगीत पुढें आलें. यांवर आरोप आला तो अडाणीपणाचा. आणि किस् नांवाचा न्यूयॉर्कचा बँड तोंडाला रंग फांसून, आगीचे लोळ काढीत रंगभूमीवर येई. तो ठरला बाजारी. एकाला फार शहाणा म्हणून, दुसऱ्याला फार गांवंढळ म्हणून आणि तिसऱ्याला फार धंदेवाईक म्हणून बाजूला सारलें. पण मोजण्याची पट्टी तिघांना एकच होती.

हें मुद्दाम केलेलें कारस्थान होतें असें मी म्हणत नाहीं. आपल्याकडे एखाद्या घराण्याच्या कट्टर अभिमान्यांना परीक्षक नेमलें, तर दुसऱ्या घराण्याच्या गवयाला ते दुष्टपणानें डावलतील असें नाहीं. त्यांच्या कानांनाच तें गाणें पुरतें गाणें वाटणार नाहीं. स्वतःच्या आवडीला शास्त्र समजण्याची चूक प्रामाणिक माणसांच्या हातून अधिक होते. तथापि या प्रामाणिकपणाच्या पोटांत काय काय दडलेलें असूं शकतें, तें २०२३ सालच्या सप्टेंबरांत उघड झालें. वेनर यांनीं रॉकच्या आचार्यांच्या मुलाखतींचें एक पुस्तक काढलें होतें. त्यांतले सातहि जण गोरे पुरुष. असें कां, असें न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रतिनिधीनें विचारतां, स्त्रिया आणि कृष्णवर्णीय कलावंत त्या बौद्धिक पातळीवर बोलूं शकणारे नव्हते, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं दिलें. मुलाखत प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं संस्थेच्या संचालक-मंडळावरून त्यांना दूर करण्यांत आलें. सिस्टर रोझेटा थार्प हिनें एल्व्हिसच्या कितीतरी आधीं विजेच्या गिटारवर भजनें गाऊन रॉकचा पाया घातला. ती १९७३ सालीं वारली आणि मंदिरांत तिला जागा मिळाली ती २०१८ सालीं! हा उशीर नुसत्या अनवधानाचा म्हणणें आतां कठीण आहे.

टीकाकारांचें मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असें मात्र समजूं नये. लेड झेपेलिनची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हां रोलिंग स्टोननें तिची टरच उडविली होती, आणि बँड चालू होता तोंवर त्याला एकहि ग्रॅमी पारितोषिक मिळालें नाहीं; तरी पात्र होतांच, १९९५ सालीं, तो कीर्तिमंदिरांत गेला. क्वीनचेंहि तसेंच. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्यें जन्मलेला पारशी मुलगा. त्याचें शालेय शिक्षण आपल्या पांचगणीस झालें आणि तेथेंच त्यानें सोबत्यांबरोबर पहिला बँड काढला. १९७९ सालीं रोलिंग स्टोनमध्यें डेव्ह मार्श या टीकाकारानें क्वीनवर अत्यंत जहरी लेख लिहिला होता, आणि हेच मार्श पुढें नामनिर्देशन-मंडळावर होते. असें असूनहि २००१ सालीं क्वीनला प्रवेश मिळाला. फ्रेडी त्याआधीं दहा वर्षें वारला होता. लोकप्रियता समुद्रासारखी अफाट झाली म्हणजे ती कोणत्याहि बांधावरून वाहते. प्रश्न येतो तो तिच्याहून थोडी कमी लोकप्रियता असलेल्यांचा.

उलट बाजूहि आहे. व्हेलव्हेट अंडरग्राउंडच्या ध्वनिमुद्रिका तो बँड असेपर्यंत फार थोड्या खपल्या. पण टीकाकारांचा तो लाडका, म्हणून १९९६ सालीं आंत. रमोन्स हे पात्र होतांच, २००२ सालीं आंत. लाखोंनीं ध्वनिमुद्रिका खपविणारा किस् मात्र १९९९ पासून २०१४ पर्यंत बाहेर. तेव्हां खप हें प्रमाण नव्हे आणि खपाचा अभाव हाहि दोष नव्हे. रमोन्सची योग्यता मी कमी लेखीत नाहीं. पंगतींत वाढपी कोणाच्या ओळखीचा आहे यावर तूप किती पडणार तें ठरावें, तसा हा पंक्तिप्रपंच आहे, इतकेंच म्हणणें आहे.

आतां दुसऱ्या दाराकडे, म्हणजे मतदानाकडे, वळूं. येथें आवडीनिवडीपेक्षां अंकगणित अधिक काम करतें, आणि तें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. समजा, एक हजार मतदार आहेत, मतपत्रिकेवर पंधरा नांवें आहेत आणि प्रत्येकाला पांच मतें आहेत. ‘अ’ नांवाचा एक बँड असा आहे कीं, अडीचशें मतदार त्याला जीव कीं प्राण मानतात, आणि बाकीच्या साडेसातशेंनीं त्याचें संगीत कधीं नीट ऐकलेंच नाहीं. ‘ब’ नांवाचा दुसरा बँड कोणाचाच पहिल्या आवडीचा नाहीं. पण त्याचीं चार गाणीं सर्वांनीं मोटारींत नभोवाणीवर ऐकलेलीं आहेत, आणि पांचवें मत कोणाला द्यावें असा प्रश्न पडला म्हणजे साडेचारशें लोक त्याच्या नांवावर खूण करतात. निकाल उघड आहे. ‘ब’ आंत जातो, ‘अ’ बाहेर राहतो. मतपेटीला प्रेमाची खोली मोजतां येत नाहीं. तिला रुंदीच तेवढी कळते. आणि ज्या बँडांविषयीं आपण बोलत आहोंत त्यांचें वैशिष्ट्यच हें कीं, त्यांचा श्रोतृवर्ग खोल आहे पण अरुंद आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकचीं वीस मिनिटांचीं गाणीं नभोवाणीवर वाजत नसत. मेटल तर दिवसाढवळ्या कोणी लावीतच नसे.

इंग्लंडचा आयर्न मेडन हा बँड याचें ठळक उदाहरण. २००८ सालच्या १ फेब्रुवारीला आपल्या एका मोठ्या जगद्‌दौऱ्याचा प्रारंभ त्यानें मुंबईस, वांद्रें-कुर्ला संकुलांत केला, तेव्हां दूरदूरच्या गांवांहून तरुण मंडळी आली होती. अमेरिकेंतील लोकप्रिय नभोवाणी-केंद्रांच्या मदतीवांचून हा बँड जगभर पोहोंचला. तो पात्र होऊन दहा-पंधरा वर्षें लोटल्यानंतर २०२१ आणि पुन्हां २०२३ सालीं त्याचें नांव मतपत्रिकेवर आलें. दोन्ही वेळां मतें पुरलीं नाहींत. अशा बँडांवर आणखी एक संकट येतें. सारख्या जातीचीं दोन-तीन नांवें एकाच मतपत्रिकेवर आलीं कीं मतें विभागलीं जातात; म्हणून मंडळ एका वेळीं अशा थोड्याच नांवांना जागा देतें, आणि मागची रांग आणखी लांबते.

रांगेंत वाट पाहण्याचा तोटा नुसत्या वेळाचा नाहीं. पूर्वीं निवडलेले कलावंत हेच मतदार असल्यामुळें ज्या शाखेचे लोक आंत गेले ती शाखा आपल्या सोबत्यांना आंत ओढते. ज्या शाखेचा एकहि आंत नाहीं तिला ओढणारा हात नाहीं. शिवाय मतदारहि म्हातारे होतात आणि जातात. १९५० च्या आगेमागें समूहगायन करणारे जे कृष्णवर्णीय गायकसंघ होते, त्यांचें गाणें तारुण्यांत ऐकलेले मतदार आतां किती उरले असतील? फाइव्ह रॉयल्स या संघाला जागा मिळाली ती २०१५ सालीं, आणि तीहि मतदानानें नव्हे.

लोकांना या कारभाराचा राग येई, म्हणून २०१२ सालापासून सर्वसामान्य रसिकांनाहि मत देण्याची सोय झाली. तिचा पहिला लाभ कॅनडाच्या रश या त्रयीला मिळाला. गेडी ली, ॲलेक्स लाइफसन आणि नील पर्ट या तिघांचा हा बँड १९९८ पासून पात्र होता. रसिकांच्या मतदानांत तो पहिला आला आणि २०१३ सालीं आंत गेला. सत्कारप्रसंगीं लाइफसननें केलेलें भाषण तर संस्मरणीय आहे. ‘ब्ला’ या एका निरर्थक अक्षराखेरीज त्यांत दुसरा शब्दच नव्हता. केवळ हातवारे आणि मुखचर्या यांनीं त्यानें पंधरा वर्षांच्या प्रतीक्षेची सगळी कथा सांगितली, आणि ती सर्वांना समजलीहि! पुढच्या वर्षीं किस्, नंतर शिकागो, जर्नी, बॉन जोव्ही, डेफ लेपर्ड असे रसिकांच्या पसंतीचे बँड ओळीनें आंत गेले. सात वर्षें रसिकांचा कौल आणि मंदिराचा कौल जुळत राहिला, त्यामुळें रसिकांचें मत निर्णायक आहे असा समज पसरला.

वस्तुतः तसें कधींच नव्हतें. लाखों रसिकांनीं मतें दिलीं तरी त्यांतून आघाडीचीं नांवें घेऊन एकच मतपत्रिका तयार होते आणि हजारावर मतपत्रिकांत ती एक म्हणून मिसळली जाते. २०२० सालीं डेव्ह मॅथ्यूज बँड दहा लाखांवर मतें मिळवून पहिला आला आणि तरी बाहेर राहिला. त्याला २०२४ सालापर्यंत थांबावें लागलें. २०२५ सालीं फिश या बँडचें तेंच झालें. रसिकांना बोलावून घेतलें, पण मानपानाच्या यादींत त्यांचा पाट एकच मांडला! शिवाय रसिक मत देणार तें मतपत्रिकेवर असलेल्या नांवांना. किंग क्रिम्झन आणि जेथ्रो टल यांचीं नांवेंच तेथें आलीं नाहींत, तेथें रसिकांनीं तरी काय करावें?

खरा बदल झाला तो त्या तीस जणांच्या खोलींत. टॉम मोरेलो हा स्वतः नांवाजलेला गिटारवादक मंडळावर आला आणि त्यानें किस्, रश, डीप पर्पल अशा बँडांची बाजू नेटानें मांडली. २०१४ च्या समारंभांत किस्‌चा परिचय करून देण्याचें कामहि त्यानेंच केलें. नियम तेच होते, खोली तीच होती. वकील तेवढा मिळाला. एका माणसाच्या येण्यानें पंधरा-वीस वर्षांची कोंडी फुटावी, यावरून ती किती तकलादू होती हेंहि दिसून येतें.

बँड म्हणून असलेल्या आणखी एका अडचणीचा उल्लेख करतों. एकट्या गायकाचा सन्मान करणें सोपें. बँडमध्यें माणसें येतात, जातात, भांडतात. मान कोणाला द्यावयाचा? डीप पर्पलच्या अनेक संचांतून संस्थेनें आठ जण निवडले आणि वीस वर्षें बँडचा गिटार सांभाळणाऱ्या स्टीव्ह मोर्सला वगळलें. किस्‌च्या चार मूळ सभासदांनाच मान मिळाला, नंतरच्यांना नाहीं. त्या वादांत समारंभांत बँड वाजविण्यासहि उभा राहिला नाहीं. किंग क्रिम्झनमध्यें तर रॉबर्ट फ्रिप याखेरीज आरंभापासून अखेरपर्यंत टिकलेला दुसरा कोणी नाहीं. अशा बँडला एक चेहरा नसतो, आणि चेहरा नसलेल्याची आठवण बैठकींत लवकर होत नाहीं.

मतदानांत वारंवार हरणाऱ्यांसाठीं संस्थेनें एक बाजूचा दरवाजाहि ठेवला आहे. ‘पूर्वप्रभाव’ किंवा ‘संगीत-श्रेष्ठता’ अशा नांवांचे सन्मान मतदारांना न विचारतां समितीला देतां येतात. शीक या बँडचें नांव अकरा वेळां मतपत्रिकेवर आलें आणि अकराहि वेळां पडलें. शेवटीं २०१७ सालीं त्याचा एकटा नाइल रॉजर्स या वाटेनें आंत घेण्यांत आला. जर्मनीचा क्राफ्टवर्क २०२१ सालीं ‘पूर्वप्रभाव’ म्हणून आला. १९७० सालीं पहिली ध्वनिमुद्रिका काढणारा बँड रॉकचा पूर्वज कसा होतो, हें कोडें मला सुटलेलें नाहीं. ज्युडास प्रीस्टला २०२२ सालीं याच दारानें आणलें. कीर्तिमंदिरांत शिरल्यावर कोण कोणत्या दारानें आला हें प्रेक्षक विचारीत नाहीं हें खरें. पण ज्याला मागच्या दारानें यावें लागलें तो तें विसरत नसावा.

कोणी म्हणेल, एवढ्या विचाराचें प्रयोजन काय? संगीत चांगलें असेल तर तें टिकेल. संग्रहालयांत गिटार टांगल्यानें त्याचा सूर वाढत नाहीं. ब्लॅक सॅबथच्या ऑझी ऑस्बोर्ननें १९९९ सालीं असाच पवित्रा घेऊन आपलें नांव यादींतून काढून टाकावें असें संस्थेला कळविलें होतें. २००६ सालीं निवड झाली तेव्हां मात्र तो समारंभास हजर राहिला. सेक्स पिस्टल्सनीं त्याच वर्षीं आमंत्रण साफ झिडकारलें. झिडकारण्याचें सुख निवड झालेल्यालाच मिळतें, हा यांतला विनोद. पण पुढची पिढी इतिहास शिकते ती अशा याद्यांवरूनच. शाळेच्या सहलींतून क्लीव्हलँडला आलेलीं मुलें तेथें ज्यांचीं वाद्यें पाहतात त्यांचीं गाणीं घरीं जाऊन ऐकतात. ज्यांचीं दिसत नाहींत त्यांचा पत्ता त्यांना कोण देणार?

आणि माणसाचें आयुष्य मतपत्रिकेसाठीं थांबत नाहीं. डीप पर्पलच्या संगीताला ज्याच्या ऑर्गननें रूप दिलें तो जॉन लॉर्ड २०१२ सालीं वारला. बँडचा मान २०१६ चा. येसच्या स्थापनेपासून प्रत्येक ध्वनिमुद्रिकेवर वाजविणारा एकमेव सभासद ख्रिस स्क्वायर २०१५ च्या जूनमध्यें गेला. येसला जागा मिळाली २०१७ सालीं, पात्र झाल्यावर सुमारें तेवीस वर्षांनीं.

डेट्रॉइटच्या एम्. सी. फाइव्ह या बँडची हकीकत याहून वाईट. १९६८ सालीं शिकागोच्या उद्यानांत युद्धविरोधी जमावापुढें वाजविणारे हे पांच जण. पुढें जें पंक-संगीत आलें त्याचें बीज त्यांच्या गोंगाटांत होतें. सहा वेळां त्यांचें नांव मतपत्रिकेवर आलें आणि पडलें. पांचांपैकीं तिघे १९९१, १९९४ व २०१२ सालीं वारले. उरले वेन क्रेमर आणि डेनिस थॉम्प्सन. २०२४ च्या फेब्रुवारीत क्रेमर गेला. एप्रिलमध्यें बाजूच्या दारानें बँडची निवड झाल्याचें जाहीर झालें, आणि तें थॉम्प्सनला ऐकावयास मिळालें. मे महिन्यांत तोहि वारला. ऑक्टोबरांत क्लीव्हलँड येथें समारंभ झाला आणि एम्. सी. फाइव्हचें नांव पुकारण्यांत आलें, तेव्हां त्या पांच जणांपैकीं कोणीहि हयात नव्हता.